पुतेओली, इ.स. ३७: एका कर्जरोख्यातून उभी राहिलेली पाच पात्रं

आमचा रोल-प्लेइंग खेळ, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र वठवायचा खेळ, पुतेओली बंदरात सुरू व्हायचा होता. साल इ.स. ३७, महिना जून. नेपल्सच्या आखातातलं हे बंदर, म्हणजे आजचं पोत्सुओली, तेव्हा इटलीत येणाऱ्या धान्याचं मोठं दार होतं. अलेक्झांड्रियाहून गव्हाने भरलेली गलबतं इथे लागायची. मार्चमध्ये सम्राट टायबेरियस वारला होता, गादीवर कॅलिग्युला आला होता, आणि आमच्या टेबलाभोवती पाच खेळाडू आपापली कॅरॅक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेला कागद, घेऊन बसले होते.

तलवार खाली ठेवून व्यापारात उतरलेला ग्लॅडिएटर. घरातून पळून आलेली सिनेटरची मुलगी. एके काळचा समुद्री चाचा, आता जहाजाचा कप्तान. अत्तरं विकण्याच्या आडून हेरगिरी करणारा एक जण. आणि कल्याणचा मसाल्याचा व्यापारी, कारण तो खेळाडू स्वतः कल्याणचा. शीटं मनापासून लिहिलेली होती. प्रत्येकाची पूर्वकथा होती, गुपित होतं, चेहऱ्यावरचे व्रणसुद्धा ठरले होते. खेळ चालवणारी म्हणून मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: तुमच्या पात्राने पहिला माल उचलला, त्याचे पैसे कोणी दिले?

पाचांपैकी एकाही शीटवर त्याचं उत्तर नव्हतं. पाचही पात्रं मोकळी होती. डोक्यावर धनी नाही, कोणाचं देणं नाही, कोणाची हमी नाही. असा माणूस त्या काळच्या पुतेओलीत वखारीची एक खोलीसुद्धा भाड्याने घेऊ शकला नसता. म्हणून आम्ही ती शीटं बाजूला ठेवली आणि पात्रं नव्याने बांधली. कशी बांधली, त्यात काय साधलं आणि कुठे अडलं, त्याची ही नोंद आहे. रोमन व्यापारावरचा खेळ मांडणाऱ्या प्रत्येकाला मला एवढंच सांगायचं आहे की पात्राची सुरुवात त्याच्या देण्याघेण्यापासून करा. स्वभाव, हिंमत, चलाखी हे सगळं त्यातून आपोआप बाहेर येतं.

त्यामागचा इतिहास थोडक्यात सांगते. इ.स.पू. २१८ मध्ये रोममध्ये कायदा झाला की सिनेटर किंवा त्याच्या मुलाने ३०० अँफोरांपेक्षा (मातीच्या रांजणांपेक्षा) जास्त माल मावेल असं समुद्री जहाज बाळगू नये. शेतातला माल बंदरापर्यंत न्यायला तेवढं पुरे, व्यापार करणं त्यांना शोभत नाही, अशी त्यामागची भूमिका. पण पैसा काही घरात बसून राहिला नाही. ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने रोमन राजकारणी थोरल्या केटोची रीत नोंदवली आहे. कर्ज मागायला आलेल्यांना तो ५० भागीदार आणि ५० जहाजं जमवायला लावायचा, त्यात स्वतः एक वाटा घ्यायचा, आणि तो वाटा सांभाळायला क्विंटिओ नावाचा त्याने मुक्त केलेला गुलाम त्या लोकांबरोबर जहाजावर जायचा. म्हणजे भांडवल कुठल्या तरी हवेलीत, आणि धक्क्यावर उभा असतो त्या भांडवलाचा माणूस. तो बहुतेक वेळा गुलाम असतो किंवा गुलामीतून सुटलेला असतो. खेळाडूंना खेळवायचं ते या माणसांना.

अशा माणसांची खरी कागदपत्रं मिळतात का? मिळतात, आणि तीही थेट पुतेओलीची. १९५९ मध्ये नेपल्स-सालेर्नो महामार्गाचं काम चालू असताना पॉम्पेईच्या दक्षिणेला मुरेचिने इथे एका इमारतीत वेताची टोपली सापडली. टोपलीत मेणाच्या लाकडी पाट्या होत्या. पुतेओलीत सावकारी करणाऱ्या सुल्पिकियस घराण्याचं हे दप्तर. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली ते इ.स. ७९ पासून पडून होतं. कर्जरोखे, गहाणखतं, भाडेकरार, कोर्टात हजर राहण्याची हमीपत्रं, सगळं त्यात आहे. मी गटापुढे त्यातली मोजकीच पानं ठेवली.

पहिलं पान १८ जून ३७ चं. गायस नोव्हियस यूनस नावाचा व्यापारी स्वतःच्या हाताने लिहून देतो की त्याने १०,००० सेस्टर्टियस (रोमन नाणी) कर्ज घेतलं. कोणाकडून? एवेनस प्रिमियानसकडून, जो टायबेरियस सम्राटाने मुक्त केलेला गुलाम होता. पण एवेनस तिथे नाही. रोख्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे: धनी गैरहजर, पैसे त्याचा गुलाम हेसिकस याच्या हातून मिळाले. तारण म्हणून ७,००० मोडियस (धान्याचं रोमन माप) अलेक्झांड्रियाचा गहू आणि हरभरा, मसूर वगैरे कडधान्याची २०० पोती. माल पुतेओलीच्या सार्वजनिक बासियस वखारीत ठेवलेला. त्याचं काही बरंवाईट झालं तर जोखीम माझी, हेही यूनसनेच कबूल केलं आहे. दुसरं पान २ जुलैचं. यूनसने हेसिकसकडून आणखी ३,००० घेतले. तिसरं पानही त्याच दिवसाचं: डिओग्नेटस नावाचा गुलाम, धनी गायस नोव्हियस किपेरस याच्या हुकमावरून, १२ नंबरची वखार आणि खालच्या मजल्यावरची कडधान्याच्या पोत्यांची जागा हेसिकसला भाड्याने देतो. भाडं महिन्याला १ सेस्टर्टियस.

आमच्यात एक जण वकील आहे. तिसरं पान वाचताच तो म्हणाला, "थांब, एवढ्या जागेला महिन्याला १ सेस्टर्टियस हे भाडं नाहीच. गहाण मालाचा ताबा कागदोपत्री सावकाराकडे गेला हे दाखवण्यापुरती ही रक्कम आहे. आणि नावं बघ. कर्जदार नोव्हियस, वखारवालाही नोव्हियस." हे त्याने अचूक पकडलं. रोममध्ये मुक्त झालेला गुलाम धन्याचं कुळनाव घ्यायचा, त्यामुळे यूनस आणि किपेरस एकाच घराशी बांधलेले असण्याची शक्यता मोठी. म्हणजे सावकाराने ज्याच्याकडून वखार घेतली, तो बहुधा कर्जदाराच्याच गोतावळ्यातला. त्या वाक्यासरशी वकिलाने आपलं पात्र निवडलं. कप्तान झालेला चाचा गेला आणि डिओग्नेटस आला: वखारीत रोज हजर असलेला, सगळ्यांचा माल नजरेखाली असलेला, आणि त्यातल्या एका दाण्याचाही मालक नसलेला माणूस.

हेसिकस घेतला सहकारी बँकेत कर्ज विभाग सांभाळणाऱ्या मैत्रिणीने. या पात्रावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला. तिचा पहिलाच प्रश्न होता, "हा गुलाम असून दहा हजार उधार देतो, मग याचं स्वतःचं काय?" रोमन कायद्याप्रमाणे गुलामाची मालमत्ता नसते. पण धनी त्याच्या हाताखाली काही भांडवल ठेवू शकतो आणि तो ते खेळवू शकतो. कायद्याच्या नजरेत ते धन्याचंच, व्यवहारात मात्र गुलाम त्यावर सौदे करतो. गुलामाने केलेल्या व्यवहारात देणं अंगावर आलं तर धनी साधारणपणे त्या भांडवलापुरताच बांधलेला असतो. त्याने स्वतः हुकूम देऊन व्यवहार करवला असेल, तर पूर्ण बांधलेला असतो. ही एक गोष्ट कळली आणि खेळाचा अर्धा नियम तयार झाला. आमच्याकडच्या जुन्या पेढीवर मुनीम बसायचा, धनी गावाला असायचा आणि सही मुनिमाची चालायची, तशीच ही सोय होती. फरक एवढाच आणि तो भयंकर, की हा मुनीम उद्या विकला जाऊ शकत होता.

मैत्रिणीने हेसिकसच्या शीटवर लिहिलेली इच्छा साधी होती: सुटका. भांडवल वाढवून दाखवायचं, धन्याचा विश्वास कमवायचा, आणि एक दिवस मुक्त व्हायचं. मग यूनसचं कर्ज बुडणं याचा त्याच्यासाठी अर्थ काय होतो, हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

यूनस गेला नाटकात काम करणाऱ्या मित्राकडे. इथे मूळ पाटीतला एक बारकावा त्याला फार भावला. रोख्याचा आतला, सीलबंद मजकूर यूनसने स्वतः लिहिला आहे आणि तो जसा बोलतो तसा लिहिला आहे. अक्षरं गळालेली, शब्दांची शेवटं खाल्लेली. बाहेरच्या बाजूला तोच मजकूर लेखनिकाने शुद्ध लिहिला आहे. मित्राने यावरून अख्खा माणूस उभा केला: हिशेबात तरबेज, बोलण्यात गोड, पण लिहायला बसला की घाम फुटणारा, आणि धक्क्यावरच्या शिकलेल्या गुलामांपुढे त्याची लाज वाटणारा स्वतंत्र माणूस. लाज हा भाग इतिहासाचा नाही, आमच्या नटाचा आहे. पण तो कागदाला धरून आहे, म्हणून मी तो आनंदाने मान्य केला.

पैशाचा अंदाज यावा म्हणून आम्ही एक मोजमाप ठरवलं. त्या काळी साध्या सैनिकाला वर्षाला २२५ दिनार, म्हणजे ९०० सेस्टर्टियस मिळायचे. म्हणजे यूनसचं पहिलं कर्ज सैनिकाच्या ११ वर्षांच्या पगाराएवढं. गव्हाचा एक मोडियस साधारण साडेसहा किलो, म्हणजे वखारीत जवळपास ४५ टन गहू. खेळापुरता भाव मोडियसला ३ सेस्टर्टियस धरला, तर नुसता गहूच २१,००० चा झाला. कर्जाच्या दुपटीहून जास्त तारण. बँकवाली मैत्रीण हे ऐकून म्हणाली, "एवढं तारण घेणारा सावकार घाबरलेला असतो किंवा समोरच्याला ओळखत असतो." दोन्ही शक्यता आम्ही खेळात ठेवल्या.

सिनेटरची पळालेली मुलगी आणणारी खेळाडू पुरातत्त्वाची विद्यार्थिनी आहे. तिला बाईचंच पात्र हवं होतं आणि ते कोणाची तरी बायको किंवा बहीण म्हणून नको होतं. दप्तरात त्यालाही आधार आहे. काही वर्षांनंतरच्या पाट्यांत टिटिनिया अँथ्रासिस नावाची बाई मेलोस बेटावरच्या यूप्लियाला १,६०० सेस्टर्टियस कर्ज देते. रक्कम घरच्या पेटीतून काढून मोजून दिलेली आहे. घेणारी बाई आपल्या पालकाच्या संमतीने व्यवहार करते, कारण कायद्याला ती संमती लागायची. बाई सावकार, बाई कर्जदार, आणि मध्ये संमतीपुरता उभा असलेला एक पुरुष. आमच्या खेळाडूने टिटिनियाच्या धर्तीवर छोट्या रकमांची सावकारी करणारी बाई बांधली, आणि आम्ही तिला ३७ सालात आणलं. तारखेशी केलेली ही तडजोड मी शीटवरच लिहून ठेवली. खेळात अशी मोकळीक घ्यावी, पण घेतली आहे हे टेबलावर सगळ्यांना ठाऊक असावं.

राहिला कल्याणचा मित्र. त्याला कल्याणचाच व्यापारी हवा होता आणि त्यामागे मायाही होती. पण ३७ सालच्या पुतेओलीत कल्याणचा माणूस उभा करायला माझ्याकडे काही आधार नव्हता. अलेक्झांड्रियातल्या भारतीयांचा उल्लेख ग्रीक वक्ता डिओ क्रिसोस्टम करतो, तोही नंतरचा. तेव्हा मी त्याला दुसरी वाट दाखवली. इजिप्तमध्ये कॉप्टोसहून तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिकेला जाणारा वाळवंटी रस्ता आहे. त्या रस्त्यावर वादी मेनीह इथे खडकाच्या आडोशाला लिसास नावाच्या माणसाने इ.स. ६ च्या जुलैत ग्रीक आणि लॅटिन अशा दोन्ही भाषांत आपलं नाव कोरलं आहे. तो पुब्लियस अन्नियस प्लोकॅमस याचा गुलाम. रोमन लेखक प्लिनी सांगतो की अन्नियस प्लोकॅमसचा मुक्त केलेला गुलाम अरबस्तानाला वळसा घालत असताना वाऱ्याने भरकटून श्रीलंकेला पोचला होता. आणि अन्नियस हे कुळनाव पुतेओलीच्या व्यापाऱ्यांतही दिसतं. या तीन धाग्यांवरून आम्ही पाचवं पात्र विणलं: ३१ वर्षांपूर्वी त्या खडकाखाली बसलेला, आता म्हातारा झालेला, सुटका मिळालेला अन्नियस घराण्याचा माणूस. लिसास पुढे मुक्त झाला की नाही, पुतेओलीत आला की नाही, हा आमचा खेळातला तर्क आहे. पण या माणसाने मोसमी वारा पाहिला आहे, बेरेनिकेचा धक्का पाहिला आहे, आणि पुतेओलीतल्या गव्हाच्या व्यापाऱ्यांना तो मिरे, जटामांसी आणि सुती कापडाच्या गोष्टी सांगतो. कल्याणच्या मित्राने तो मनापासून स्वीकारला. कल्याण त्याच्या आठवणीत असेल, एवढंच त्याने मागून घेतलं.

पात्रं ठरल्यावर शीटचा साचाही बदलावा लागला. बळ, चपळाई, बुद्धी हे रकाने आम्ही काढले. त्यांच्या जागी आलं ते असं: कायद्याने तू कोण आहेस, कोणाच्या नावाने व्यवहार करतोस, कोणाचं किती देणं आहे आणि कधीपर्यंत, आणि तुझा शब्द कोणापुढे चालतो. फासा टाकायचा तो या शेवटच्या रकान्यावर. समोरचा तुझ्या नावाला ओळखत असेल तर फाशात भर, नसेल तर वजा. व्याज महिन्याला शेकडा एक, कारण रोममध्ये तीच सर्वसाधारण कमाल मर्यादा होती. समुद्री कर्जाला मात्र ती लागू नव्हती. तिथे जहाज बुडालं तर सावकाराचेही पैसे बुडायचे, म्हणून तो दर ठरवायला मोकळा असायचा. हा फरक खेळाडूंनी चटकन उचलला आणि पुढे वापरलाही.

कोणाला वाटेल की एवढ्या हिशेबात खेळ कोरडा होईल. प्रत्यक्षात उलट झालं. पहिल्या सेशनला एकही तलवार निघाली नाही आणि तरी कोणी जागचं हललं नाही. मी धक्क्यावरचं दृश्य रोमन तत्त्वज्ञ सेनेकाच्या एका पत्रातून घेतलं होतं: अलेक्झांड्रियाच्या ताफ्यापुढे टपालाच्या होड्या येतात, बंदरातली गर्दी धक्क्यावर धावते, आणि कितीही जहाजं दिसली तरी अलेक्झांड्रियाची कोणती ते वरच्या शिडावरून ओळखू येतं, कारण किनाऱ्याजवळ ते शीड उभारून ठेवायची मुभा फक्त त्यांना होती. मी एवढंच वर्णन केलं आणि थांबले. पाचही जण आपापल्या कारणाने त्या शिडांकडे बघत होते. यूनसला भाव पडण्याची भीती, कारण नवा गहू आला की त्याचं तारण स्वस्त होणार. हेसिकसलाही तीच भीती, पण उलट्या बाजूने. डिओग्नेटसला जागा कमी पडणार म्हणून भाडं वाढवायची संधी. टिटिनियाला हमालांच्या आणि खलाशांच्या छोट्या उधाऱ्या. म्हाताऱ्याला कोणी ओळखीचं उतरतंय का याची ओढ. एका ताफ्यातून पाच हेतू निघाले आणि मला काहीही ढकलावं लागलं नाही.

खेळाचा खरा कस लागला पुढे, आणि तोही पाट्यांमुळेच. ३८ सालच्या ऑगस्टमधल्या रोख्यात हेसिकसचं वर्णन बदललेलं आहे. आता तो सम्राट गायस सीझरचा, म्हणजे कॅलिग्युलाचा गुलाम आहे. त्याच्या नावाला जुन्या धन्याची खूण तेवढी चिकटलेली आहे. एवेनस मेला असावा आणि त्याची मालमत्ता सम्राटाकडे गेली असावी. मी हे खेळाडूंना आधी सांगितलं नव्हतं. त्या सेशनला मी हेसिकसच्या शीटवरची एकच ओळ खोडली आणि नवीन लिहिली. बाकी सगळं तसंच ठेवलं: वखार तीच, कर्ज तेच, माणूस तोच.

टेबलावरची हवाच बदलली. यूनस खेळणारा मित्र, जो तोवर हेसिकसशी बरोबरीने, कधी थोडा चढून बोलायचा, तो अडखळत बोलायला लागला. त्याला कोणी तसं सांगितलं नव्हतं. स्वतंत्र माणूस एका गुलामापुढे मान खाली घालून मुदत मागत होता, कारण त्या गुलामाच्या मागे आता सम्राट उभा होता. आणि बँकवाली मैत्रीण गप्प झाली. तिचं पात्र एका रात्रीत बंदरातलं वजनदार नाव झालं होतं, पण ज्या धन्याकडून सुटका मिळवायची तो धनीच गेला होता. वर्षभराचा विश्वास कोणाच्या खात्यावर जमा करायचा? तिने त्या सेशनला आपल्या शीटवरची सुटकेची इच्छा खोडली नाही, नुसता त्यापुढे प्रश्न लिहिला: "कोणाकडे मागायची?" माझ्या मते या सगळ्या खेळातलं हे सगळ्यात मोलाचं वाक्य आहे. गुलामीबद्दलचं एखादं प्रकरण वाचून जे कळलं नसतं, ते तिला एका खोडलेल्या ओळीने कळलं.

३९ मध्ये कॅलिग्युलाने बाये ते पुतेओली असा आखातावर जहाजांचा पूल बांधला. मालवाहू जहाजं दुहेरी रांगेत नांगरून, त्यावर मातीचा रस्ता घालून. इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो की एवढी जहाजं त्यात अडकल्यामुळे इटलीत धान्याची टंचाई झाली. खेळासाठी हा प्रसंग अनमोल होता. ग्लॅडिएटरवाल्या शीटने त्या पुलावर मिरवणूक पाहिली असती. आमची पात्रं हिशेब करत बसली: जहाज नाही, म्हणजे नवा गहू नाही, म्हणजे वखारीतल्या गव्हाचा भाव वर. पण तो गहू गहाण, आणि गहाण ज्याच्याकडे तो सम्राटाचा माणूस. वकिलाचा डिओग्नेटस इथे मोह आवरू शकला नाही. त्याने रात्री काही पोती बाहेर काढायची योजना मांडली. टिटिनियाने त्याला पैसे द्यायला नकार दिला, आणि तिच्या नकारामागे नीती नव्हती. पकडला गेला तर गुलामाची साक्ष छळ करून घेतली जाते, आणि त्या साक्षीत आपलं नाव येईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

१५ सप्टेंबर ३९ च्या पाटीत यूनस पुन्हा लिहून देतो. आता उरलेलं देणं १,२५० सेस्टर्टियस. ज्युपिटर, दिव्य ऑगस्टस आणि गायस सीझरच्या दैवताची शपथ घेऊन तो १ नोव्हेंबरपर्यंत फेडायचं कबूल करतो. नाही फेडलं तर खोटी शपथ घेतल्याचा दोष माथी, आणि वर रोज २० सेस्टर्टियस दंड, म्हणजे सैनिकाची आठ दिवसांची कमाई एका दिवसाला. आमच्या मित्राने ती शपथ टेबलावर उभं राहून घेतली. त्याला ते कोणी सुचवलं नव्हतं.

या खेळात एक गोष्ट मी आधीच स्पष्ट बोलून घेतली होती आणि प्रत्येक गटाने घ्यावी असं मला मनापासून वाटतं. पाचातली दोन पात्रं गुलाम होती, एक गुलामीतून सुटलेलं होतं. मारहाण, छळ, लैंगिक बळजोरी यांची दृश्यं टेबलावर साकारायची नाहीत, हे ठरलं. पण त्यांची शक्यता खेळातून पुसायचीही नाही, हेही ठरलं. हेसिकसला रंगतदार, हुशार, सगळ्यांवर मात करणारा गुलाम करून टाकणं सोपं होतं. मग त्याची हुशारी कोणाच्या मालकीची, हा प्रश्नच उरला नसता. वकील मित्राला हे सुरुवातीला जड गेलं. त्याचं म्हणणं, पात्राला कुठेतरी मोकळं सोडावं. आम्ही त्यावर बराच वेळ बोललो आणि शेवटी त्यानेच तोडगा काढला: गुलाम पात्राच्या प्रत्येक यशाचा एक भाग धन्याच्या रकान्यात लिहायचा. त्या आकड्यांनी जे सांगितलं, ते माझ्या कुठल्याही सूचनेने सांगितलं नसतं.

आता दुसरा भाग आखतोय, आणि त्यात खेळ पूर्वेकडे जाणार आहे. कॉप्टोसहून उंटांवर बेरेनिके, प्लिनीच्या हिशेबाने १२ दिवस, तेही उन्हामुळे बरंचसं रात्री चालून. मग जुलैच्या सुमाराला जहाज आणि मोसमी वारा. कॉप्टोसचा इ.स. ९० चा जकातीचा शिलालेख मी समोर ठेवला आहे. खलाशाला वाटेचा कर ५ द्राख्मा, सैनिकाच्या बायकोला २०, आणि वेश्याव्यवसायासाठी नेल्या जाणाऱ्या बाईला १०८. हा शेवटचा आकडा खेळात आणायचा की नाही, यावर विद्यार्थिनी मैत्रीण आणि मी अजून बोलतोय. तिचं मत आहे की आणायचाच, आणि त्या बाईला पात्राचं पूर्ण शीट द्यायचं. मला तिचं पटत चाललं आहे.

कल्याणच्या मित्राला आता त्याचा व्यापारी मिळणार. तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या व्यापाराचं वर्णन करणारं 'पेरिप्लस' हे पहिल्या शतकातलं ग्रीक पुस्तक सांगतं की कल्याणचं बंदर एके काळी मोकळं होतं, पण आता तिथे अडथळे आहेत आणि चुकून तिथे गेलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तेरहून कापड गाड्यांतून अवघड वाटांनी भडोचला उतरतं. म्हणजे मित्राच्या कल्याणच्या माणसाचं बंदर हातचं गेलेलं आहे आणि माल भडोचकडे वळला आहे. त्याची अडचण यूनसएवढीच खरी आहे. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे व्यापारी आणि कारागीर दान देताना दिसतात, त्यामुळे पात्राच्या भोवतालची माणसंही आहेत.

आणि त्याच्या शीटवरचा देण्याघेण्याचा रकाना भरायला नाशिकच्या लेण्यांतला उषवदाताचा लेख आहे. त्यात ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे संघांकडे, ठेवलेले आहेत: २,००० एका श्रेणीकडे महिना शेकडा एक दराने, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याजातून भिक्षूंच्या चिवरांचा आणि इतर खर्च चालवायचा. पुतेओलीसाठी आम्ही धरलेला व्याजदर आणि गोवर्धनच्या विणकरांचा मोठ्या रकमेवरचा दर एकच निघाला, तेव्हा कल्याणच्या मित्राने लगेच आपल्या व्यापाऱ्याच्या शीटवर पहिली नोंद केली: गोवर्धनच्या विणकरांचं ५०० कार्षापण देणं, कापड उचललं आहे, भडोचच्या वाटेवर आहे, पावसाळ्याआधी फेडायचं.